प्रिय फारूख व्हॅन अडथळा

"फोटोंचं मी बघतो," असं आप्पासाहेब तुपे पिशोरला सासुरवाडीच्या पंगतीत बोलून गेले, तेव्हा त्यांच्या तोंडात भाकरीचा मोठा घास होता. म्हणजे आपण तसं म्हणालोच नव्हतो, असं म्हणायला थोडी जागा होती. पण मेव्हणे विश्वजीतराव कानाचे तिखट. त्यांनी ते बरोबर ऐकलं आणि हातातलं वाढप थांबवून विचारलं, "तुम्ही? नक्की का, दाजी?"

त्या 'नक्की का'नं सगळा घोटाळा केला. सासूबाई भागूबाईंची पंचाहत्तरी होती. विश्वजीतरावांची सिल्लोडला मक्याची अडत. त्यांनी मंगल कार्यालय धरलं होतं, आचारी धरला होता, भिंतीएवढा पडदा सांगितला होता, आणि आईचे जुने फोटो गाण्यावर फिरवून दाखवणारा एक फोटोवालाही हेरला होता. आप्पासाहेब शहरातल्या एका शाळेत उपमुख्याध्यापक. पण सासुरवाडीत लग्नापासून आजपर्यंत त्यांना एकच काम मिळालेलं: पुढच्या खुर्चीवर बसून टोपी-उपरणं स्वीकारणं. जावयाच्या डोक्यात टोपीखाली आणखीही काही असतं, हे दाखवून द्यायची वेळ आली होती.

"फोटोवाला कशाला? मोबाईलवर होतं आता सगळं," आप्पासाहेब म्हणाले. मोबाईलवर काय होतं याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

छत्रपती संभाजीनगरात हर्सूलच्या बाजूला जलविहार नावाची इमारत आहे, तिथं तुपे दांपत्य राहतं. हे नाव बिल्डरनं कुठल्या मनःस्थितीत ठेवलं ते कळत नाही. नळाला पाणी यायचा वार तिथं लोक सणासारखा पाळतात. इमारतीचे सचिव वाघचौरे. कोणालाही कुठल्याही विषयावर सल्ला देणं हे ते आपल्या पदाचं काम समजतात. आप्पासाहेबांनी जिन्यात नुसता विषय काढला, तर वाघचौरे दोन पायऱ्या परत खाली आले.

"'आठवणमाळ' घ्या, सर. फोटो टाकायचे, चहा प्यायचा, चित्रपट तयार. माझ्या साडूच्या निवृत्तीला मीच केला होता. लोक अक्षरशः रडले."

लोक नेमके कशाला रडले हे आप्पासाहेबांनी तेव्हाच विचारायला हवं होतं.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आप्पासाहेब हे परीक्षेच्या हॉलमध्ये "प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी वाचा, मग पेनाला हात लावा," असं ओरडत फिरणारे गृहस्थ. सूचना न वाचणाऱ्या पिढीचं काय होणार, या विषयावर ते शिक्षक दिनाला बोलतात. पण 'आठवणमाळ'नं फोटोंची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी न वाचता दिली. संपर्कांची मागितली, दिली. फोटो दाखवायला आपण कुठे उभे आहोत हे त्यांना कशाला हवं, असा प्रश्न मनात आला, तरी दिली. कारण 'सर्व मान्य' हे बटण हिरवंगार आणि तळहाताएवढं होतं, आणि 'मला निवडायचे आहे' हे कोपऱ्यात राखाडी अक्षरात, चोरून लिहिल्यासारखं. शेवटी तिनं विचारलं, 'फोटो तुम्ही निवडता की आम्ही निवडू?' आप्पासाहेबांनी 'तुम्ही निवडा'वर बोट ठेवलं आणि सल्ल्याप्रमाणे चहा प्यायला गेले.

भागूबाईंचे फोटो मोबाईलमध्ये होते. नव्हते असं नाही. मेघाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, माहेरच्या आल्बमवरून काढून घेतलेले चांगले डझनभर होते. पण त्याच मोबाईलमध्ये आप्पासाहेबांचं आणखी एक कार्य चाललेलं होतं, आणि ते फार मोठं होतं.

समोरच्या फ्लॅटमधले फारूखभाई गाड्यांच्या सीट कव्हरचा धंदा करतात. त्यांची एक जुनी व्हॅन आहे. ती ते पार्किंगमध्ये अशा कलानं लावतात की आप्पासाहेबांच्या गाडीला बाहेर पडायला फक्त वरची दिशा उरते. आप्पासाहेबांची गाडी रविवारखेरीज जागची हलत नाही, ही गोष्ट वेगळी. प्रश्न तत्त्वाचा होता. सोसायटीच्या वार्षिक सभेत हे प्रकरण पुराव्यानिशी मांडायचं ठरवून आप्पासाहेब गेलं वर्षभर बाल्कनीतल्या कोरफडीच्या कुंडीआडून फोटो काढत होते. फारूखभाई व्हॅन लावताना. फारूखभाई व्हॅनला टेकून चहा पिताना. फारूखभाई व्हॅनचं दार उघडं टाकून आत सीट कव्हरांच्या ढिगावर झोपलेले. झूम करून, स्पष्ट, वेगवेगळ्या ऋतूंत.

'आठवणमाळ'नं हे सगळं पाहिलं आणि तिला वाटायचं ते वाटलं.

आप्पासाहेब चहा पिऊन आले तो चित्रपट तयार होता. सनई वाजली. गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. अक्षरं उमटली: 'माझ्या आयुष्यातील खास माणूस'. आणि त्या पाकळ्यांतून फारूखभाई व्हॅन मागे घेत घेत हळूहळू पडद्यावर आले.

आप्पासाहेबांनी मोबाईल उलटा करून पाहिला. तो त्यांचाच होता.

चित्रपट पुढे सरकत होता. चहा पिणारे फारूखभाई, खाली लिहिलेलं: 'त्या निवांत सकाळी'. झोपलेले फारूखभाई: 'शांत, निरागस'. मध्येच वीज मीटरच्या आकड्याचा फोटो: 'काळ पुढे सरकत राहिला'. आणि मग, देवा रे, आप्पासाहेबांची उघडी पाठ! उन्हाळ्यात पाठीवर लाल चट्टे उठले होते, ते डॉक्टरांना दाखवायला मेघाताईंकडून काढून घेतलेला फोटो. त्याखाली सोनेरी अक्षरात: 'काही खुणा कधीच पुसल्या जात नाहीत'. भागूबाई शेवटी एकदा दिसल्या, त्याही कोणाच्या तरी लग्नात मागच्या बाजूला, अर्ध्या.

"रद्द, रद्द, रद्द," म्हणत आप्पासाहेब बटण शोधू लागले. पडद्यावर एक बदाम धडधडला आणि संदेश आला: 'अभिनंदन! तुमची आठवण तुमच्या सर्व संपर्कांना पाठवली आहे.'

सर्व संपर्क. त्यात मुख्याध्यापक होते, पालक होते, गॅसवाला होता, विश्वजीतराव होते. आणि इथं दुसरा बॉम्ब होता. 'आठवणमाळ' प्रत्येकाला नावानं हाक मारत असे, आणि नाव ती आप्पासाहेबांच्या मोबाईलमधून घेत असे. आप्पासाहेबांची नावं साठवण्याची एक पद्धत होती. ती खाजगी होती.

पहिला फोन मुख्याध्यापकांचा आला.

"तुपे, व्हिडिओ पाहिला. माणसानं कधीतरी मन मोकळं करावं, माझी ना नाही. पण मला 'प्रिय मुख्य कटकट' असं का लिहिलंय?"

आप्पासाहेब काहीतरी तांत्रिक कारण सांगू लागले. तिकडून एवढंच ऐकू आलं, "उद्या पहिल्या तासाआधी भेटा."

मग 'प्रिय प्लंबर येत नाही' यांनी एक लाल बदाम पाठवला. ते खरोखरच आले नाहीत, नुसता बदाम आला. पाठोपाठ पिशोरहून फोन.

"उचललात?" विश्वजीतराव अगदी थंडपणे म्हणाले. "नवल झालं, दाजी. मला आलेल्या पत्रात तर 'प्रिय मेव्हणा उचलू नये' लिहिलंय."

"विश्वजीतराव, ते तुमच्याबद्दल नाही..."

"दुसरा मेव्हणा आहे का तुम्हाला?"

नव्हता. 

"आणि आईचा फोटो शोधायला मला चष्मा लावावा लागला. राहू द्या दाजी, फोटोवाला मी सांगतो. तुम्ही टोपी घालून बसा."

मेघाताईंनी चित्रपट सोफ्यावर बसून शांतपणे शेवटपर्यंत पाहिला. आप्पासाहेब समोर उभे. "अहो," त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं संसार केला मी. माझा एक तरी फोटो असा मन लावून, झूम करून काढलाय का हो तुम्ही?"

"तो पुरावा आहे, मेघा!"

"ते दिसतंच आहे," म्हणून त्या कणीक मळायला उठल्या. त्या दिवशी कणकेला फार मार बसला.

आता आप्पासाहेबांनी सूचना वाचायला घेतल्या. सगळ्या. 'आठवणमाळ'चं गोपनीयता धोरण कोणत्या तरी यंत्रानं मराठीत आणलं होतं आणि ते सत्यनारायणाच्या पोथीपेक्षा लांब होतं. त्याची सुरुवात 'तुमची गोपनीयता आमच्या हृदयाजवळ राहते' अशी होती. ती तिथं का राहते, परत का देत नाहीत, हे लिहिलेलं नव्हतं. पुढे होतं, 'आम्ही तुमची माहिती तिसऱ्या पक्षाला देऊ शकतो.'

"कोणता पक्ष?" वाघचौरेंनी विचारलं. बातमी कळताच ते चष्मा घेऊन आले होते. "तिसरा म्हणजे कुठला धरायचा? आपल्याकडे एकेकाचे दोन-दोन झालेत. हे आधी स्पष्ट करून घ्या, सर. मतदार यादीत गोंधळ व्हायचा."

वाघचौरेंचे इतर सल्ले: मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवावा, नंबर बदलावा, फारूखभाई गावाला जाईपर्यंत घराबाहेर पडू नये. आप्पासाहेबांनी त्यांना चहा न देता वाटेला लावलं आणि मदत विभाग उघडला. तिथं 'आठवणताई' नावाची एक यांत्रिक बाई होती. ती फार गोड बोलत असे.

'चित्रपट काढून टाका,' आप्पासाहेबांनी लिहिलं.

'नक्कीच! आधी तुम्हीच खातेदार आहात याची खात्री करूया. आधार कार्डाचा फोटो पाठवा.'

आधीच दिलेली माहिती परत घेण्यासाठी आणखी माहिती द्यायची, हे विहिरीतला पोहरा काढायला बादलीही आत सोडण्यासारखं होतं. पण आप्पासाहेबांनी पाठवला. मग चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं. त्यांनी धरला. डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, डोळे मिचकावले, सांगितल्याप्रमाणे हसलेसुद्धा. त्या दिवशी ते हसणं सोपं नव्हतं.

'क्षमस्व,' आठवणताई म्हणाली. 'हा चेहरा या खात्याच्या ओळखीचा नाही. या खात्यात सर्वाधिक आढळणारा चेहरा खातेदाराचा मानला जातो. कृपया खातेदाराला कॅमेऱ्यासमोर आणा.' आणि शेजारी तो चेहरा दाखवला. तो अर्थातच सीट कव्हरांवर झोपलेला होता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचं ऐकून घेऊन झाल्यावर आप्पासाहेब पोलिसांत गेले. संगणकाच्या तक्रारी बघणाऱ्या एक बाई तिथं होत्या. त्यांनी चित्रपट आवाजासकट पाहिला. सनई ऐकून शेजारच्या टेबलावरचेही उठून मागे उभे राहिले. पाठीचा फोटो आला तेव्हा कोणीतरी हळहळलं.

"फोटो कोणी काढले?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"यांना विचारून?"

"मॅडम, पुरावा कोणी विचारून काढतं का?"

"कुठून काढले?"

"बाल्कनीतून."

"असं समोर उभं राहून?"

आप्पासाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "कुंडीच्या आडून."

बाईंनी मोबाईल परत दिला. "सर, तुमची माहिती त्या कंपनीनं घेतली, पण तुम्ही मान्य केल्यावर घेतली. या माणसाची तुम्ही वर्षभर घेताय, आणि त्याला पत्ताच नाही. तक्रार करायचीच असेल तर ती यांना करू द्या. तुमच्यावर."

आप्पासाहेब बाहेर आले आणि स्कूटरला किल्ली लावायची विसरून तसेच बसून राहिले. आयुष्यभर ते वर्गातल्या पुढच्या बाकावरून जगाकडे पाहत आले होते. आज पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना उभं केलं होतं, आणि वाईट म्हणजे, बरोबर केलं होतं. पाठीचे चट्टे गावभर दिसले तेव्हा आपल्याला काय वाटलं, ते त्यांना आठवलं. मग झोपलेल्या फारूखभाईंचा तो उघडा, बेसावध चेहरा आठवला. घरी येऊन त्यांनी कोरफडीची कुंडी आधी आत घेतली, आणि मगच समोरची बेल वाजवली.

दार फारूखभाईंनीच उघडलं. "आओ सर, आओ! अमिना, चाय रखो, हीरो के डायरेक्टर आये!"

अमिनाभाभी हसत बाहेर आल्या. "भाईसाब, सिल्लोडवाल्या माझ्या बहिणींनी बघितला. म्हणत्यात, दुल्हेभाई झोपेत लई चांगले दिसतात. जागेपणी का नाय दिसत?"

आप्पासाहेब खुर्चीच्या कडेवर बसले.  फारूखभाईंनी मोबाईल पुढे केला. त्यावर लिहिलेलं होतं: 'प्रिय फारूख व्हॅन अडथळा, आप्पासाहेब यांनी तुमच्यासाठी एक हळवी आठवण पाठवली आहे.'

"हा अडथळा म्हणजे... प्रेमानं..." आप्पासाहेबांनी सुरुवात केली.

"सर," फारूखभाई म्हणाले, "मी सिल्लोडला मराठी शाळेत शिकलो. अडथळा मला शुद्धलेखनासकट येतो."

मग आप्पासाहेबांनी सगळं सांगितलं. कुंडी, झूम, वार्षिक सभा, काहीही लपवलं नाही. "चुकलं माझं, फारूखभाई. तुम्हाला विचारायला हवं होतं. खरं तर व्हॅन थोडी पुढे घ्या, एवढंच सांगायला हवं होतं."

फारूखभाई बराच वेळ बशीत चहा ओतत राहिले. बशी भरून वाहिली तरी. "जाने दो सर," शेवटी ते जरा घाईनंच म्हणाले. "पुसून टाकू. चेहराच पाहिजे ना त्याला? लावा मोबाईल."

आठवणताईनं फारूखभाईंचा चेहरा पाहिला मात्र, पडद्यावर फटाके फुटले. 'पुन्हा स्वागत आहे, आप्पासाहेब! आज तुम्ही फार प्रसन्न दिसता.' पण माहिती काढून टाकण्याच्या अर्जासाठी खातेदाराच्या स्वतःच्या मोबाईलवरून पुष्टी हवी होती. खातेदार आता फारूखभाई होते. म्हणून त्यांच्या मोबाईलवर 'आठवणमाळ' उतरवावी लागली. तिनं परवानग्या विचारायला सुरुवात केली.

"थांबा, वाचा आधी!" आप्पासाहेब ओरडले. पण बटण हिरवं होतं, आणि फारूखभाईंचा अंगठा कारागिराचा, झटपट चालणारा.

सनई वाजली. पाकळ्या पडल्या. 'माझ्या आयुष्यातील खास माणूस'. आणि पाकळ्यांतून बनियनवरचे आप्पासाहेब प्रकट झाले, हातात नळी घेऊन गाडी धुताना. पाणी यायच्या वारी. पुन्हा एकदा आप्पासाहेब, दुसऱ्या बाजूनं, नळी त्याच जोमात. 'तो बरसत राहिला', खाली लिहिलेलं होतं. हे फोटो जिन्याच्या जाळीतून काढलेले स्पष्ट दिसत होते.

 तेवढ्यात आप्पासाहेबांच्या खिशातला मोबाईल वाजला. 'प्रिय तुपे पाइप, फारूख यांनी तुमच्यासाठी एक हळवी आठवण पाठवली आहे.'

"तुम्हीपण?" आप्पासाहेब म्हणाले.

"सभा तर माझीबी होती ना, सर," फारूखभाई जमिनीकडे बघत म्हणाले. "सगळी बिल्डिंग बादल्या मोजती, आणि तुम्ही गाडीला आंघोळ घालता. ती गाडी, जी कुठं जातच नाय!"

अमिनाभाभी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आधी आतून हसू ऐकू आलं, मग समोरच्या फ्लॅटमधून मेघाताईंचंही. चित्रपट त्यांनाही पोहोचला होता. मग दोघा पुरुषांनाही काही इलाज राहिला नाही. हसून हसून फारूखभाईंना ठसका लागला. मग त्यांनी दोन्ही खाती काढून टाकायचा अर्ज केला, प्रत्येक ओळ आप्पासाहेबांनी मोठ्यानं वाचल्यावरच. उत्तर आलं: 'तुमची विनंती विचाराधीन आहे. यथावकाश सर्वांना कळवू.' त्यातल्या 'सर्वांना' या शब्दाकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

पंचाहत्तरीच्या दिवशी तुपे दांपत्य फारूखभाईंच्या व्हॅनमधून फुलंब्रीमार्गे पिशोरला निघालं, मागे अमिनाभाभी आणि सीट कव्हरं. तसा भागूबाईंचा हुकूमच होता. मेघाताईंना त्यांनी फोनवर बजावलं होतं, "जावयाचा त्यो खास माणूस बी आण. लई बघितला मोबाईलवर, आता खरा बघू दे."

विश्वजीतरावांच्या फोटोवाल्यानं आपलं काम चोख केलं. भिंतीएवढ्या पडद्यावर भागूबाई आल्या: नवी नवरी, मळणीवर, नातवंडं कडेवर. एकही मीटर नाही, एकही पाठ नाही. आप्पासाहेब टोपी-उपरणं घालून पुढच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांना, खरं सांगायचं तर, फार बरं वाटत होतं. पुढची खुर्ची ही मोठी सुरक्षित जागा आहे, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं.

पंगत बसली. आप्पासाहेब आणि फारूखभाई शेजारी शेजारी. वरणावर तूप पडलं, आणि त्याच क्षणी मंडपात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोबाईल वाजले. सगळे पाहुणे आप्पासाहेबांच्या संपर्कात होते, हा त्यांचाच दोष. विश्वजीतरावांनी तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं:

"'प्रिय मेव्हणा उचलू नये, आप्पासाहेब आणि फारूख यांनी एकमेकांच्या सर्व आठवणी कायमच्या पुसून टाकल्या आहेत. या कठीण काळात त्यांना साथ द्या.'"

पंगत थबकली. सगळ्या माना वळल्या. तिकडून संभाजीनगरहून मुख्याध्यापकांचा फोन: "तुपे, टोकाचं पाऊल उचलू नका. दोघं समोरासमोर बसा." वाघचौरेंचा निरोप: "व्हॅनवरून झालं का? मी मध्यस्थीला तयार आहे." अमिनाभाभींच्या सिल्लोडच्या बहिणी त्यांना फोन करून रडत होत्या.

"अहो, आम्ही इथंच बसलोय, एकाच पंगतीत!" आप्पासाहेब उभे राहून सांगू लागले. "भांडण नाही. ती फक्त माहिती काढून टाकली!"

"माहिती?" भागूबाई व्यासपीठावरून म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा आणि कान कमी. "काय माहिती झालं रे तुमाला एकमेकाचं? ते काय नाय. माझ्या पंचाहत्तरीला कोणी रुसायचं नाय. या हिकडं, दोघंबी. हात धरा."

"मामी, पण..." आप्पासाहेब सासूबाईंना समजावू लागले.

"व्हय म्हणा आन् या!"

हात धुऊन दोघे वर गेले. भागूबाईंनी त्यांचे हात एकमेकांत दिले, ताटातले दोन बुंदीचे लाडू उचलले आणि एकाच वेळी दोघांच्या तोंडात अख्खे कोंबले. मंडपात टाळ्या झाल्या. मेघाताई आणि अमिनाभाभी एकमेकींना धरून हसत होत्या. फोटोवाला धावत पुढे आला, खाली बसला आणि एकामागून एक फोटो काढले.

"झकास!" तो म्हणाला. "आप्पासाहेब, हा सगळ्यांना पाठवून देऊ का? तुमची हरकत नाही ना?"

आप्पासाहेबांनी फारूखभाईंकडे पाहिलं, फारूखभाईंनी आप्पासाहेबांकडे. दोघांनी जिवाच्या आकांतानं बोलायचा प्रयत्न केला. पण पंचाहत्तरीचे लाडू होते, मुठीएवढे, आणि पाक पक्का होता. फोटोवाल्यानं क्षणभर वाट पाहिली, मग मान डोलावली आणि बटण दाबलं.